बोरं तेवढी वगळून

आश्विन निम्मा सरला की काळ्या रानाला एक वास येतो. वरची ढेकळं करडी पडतात, पण पायाचा अंगठा खुपसला की आत अजून गार लागतं. तेवढ्या गारव्याच्या भरवशावर आमच्याकडे शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पेरतात. आता मी जालन्यात मुलाकडे राहते, दारात डांबरी रस्ता आहे. तरी अंबडकडून वारा सुटला की नाक बरोबर सांगतं, रब्बीची तिफण निघाली.

यंदा त्या वासाच्या जोडीला रेडिओ आहे. इराकनं कुवेत गिळलं आणि जगातल्या देशांनी ठरवलं, की इराकशी देणंघेणं बंद. सकाळी पोळ्या लाटता लाटता सूनबाई म्हणाली, "काही होत नाही हो आई, असल्या बंदीनं. घुसणारा घुसतोच."

"होतं," मी म्हटलं.

"तुम्ही कुठं पाहिलं?"

"गिरजाकाकूच्या विहिरीवर."

सूनबाईनं माझ्याकडे असं बघितलं, की आजच्या गोळ्या घेतल्या की नाही. घेतल्या होत्या. मी अकरा वर्षांची असताना बंदी घालणाऱ्या पंचायतीत हजर होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. आणि एक बंदी तर मी एकटीनं चालवली, चार महिने, दणक्यात. तिच्याइतकी गाढव बंदी जगात दुसरी झाली नसेल. तिच्याकडे येतेच, पण आधी विहीर.

आता मोटा राहिल्या नाहीत, म्हणून सांगते. विहिरीच्या तोंडापासून उताराची एक वाट लांब गेलेली असते, तिला धाव म्हणतात. बैल ती धाव उतरतात, दोर ओढला जातो आणि पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर येते. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट वरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होते, पाणी पाटानं पिकाला जातं. मग बैल उलट पावली मागे. चाकाची कुरकुर, ओल्या चामड्याचा उग्र वास आणि थारोळ्यात पाणी पडतानाचा तो भस्सकन आवाज. आमच्या रानातला हिवाळा म्हणजे एवढंच होतं, आणि भरपूर होतं.

गिरजाकाकू म्हणजे दादांच्या, माझ्या वडलांच्या, चुलतभावाची बायको. नवरा तापानं गेलेला, पदरी मूल नाही. दोन बैल, एक विहीर, विहिरीखाली गव्हाचा तुकडा. अंबडला तिचा भाऊ होता. तो दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "बाई, वीक हे सगळं आन चल माझ्याकडं." काकू म्हणायची, "तुझ्या बायकोची भांडी घासायला? माझा गहू उभा हाय तवर न्हाई." म्हणजे गहू आडवा झाला की ती जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिच्या धावेच्या टोकाला रंगनाथआबांचं रान लागायचं. आबा म्हणजे गावातलं मोठं खटलं, झुपकेदार मिशा, बोलणं मोजकं. त्यांची कौसी माझी जिवाची मैत्रीण. त्या साली घट बसले होते तेव्हा आबांनी मोठा नांगर लावून मधला बांध मोडला, तिफणीचे तीन फेरे काकूच्या बाजूला सरकून पेरले आणि कडेला बाभळीच्या काट्या रोवल्या. तीन फेरे म्हणजे नऊ काकऱ्या, नऊ ओळी शाळूच्या. धावेचं शेपूट तेवढं कापलं गेलं.

काकू ओरडली, तर आबा म्हणाले, "नऊ काकऱ्यांनी काय मुलूख बुडतो का गं?"

आणि खरंच काही बुडालं नाही. विहीर तुडुंब होती. पाणी वर असलं की मोटेला थोडंच चढायचं असतं. आखूड धावेतही ती थारोळ्याला पोचत होती. लोक म्हणाले, बघा, चाललंय की. काकूनं अंबडच्या निजामी कचेरीत अर्ज दिला, करीमचाचांनी तो सुंदर उर्दूत लिहिला. कचेरीनं सांगितलं, मोजणी पीक निघाल्यावर.

करीमचाचा आमचे शिंपी. जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानातून कापड आणायचे, त्या गठ्ठ्याला उर्दू अखबार गुंडाळलेला असायचा. चाचा तो मांडीवर ठेवून हातानं सुरकुत्या काढायचे आणि मारुतीच्या पारावर वाचून दाखवायचे. आठवडाभर शिळी बातमी आम्हाला ताजी. त्या दिवशी ते वाचत होते, "इटली ने हबश के मुल्क पे चढाई करी. तोपां, हवाई जहाजां, सब लेके."

हबश म्हणजे आताचं इथिओपिया, आणि हबशी आम्हाला परके नव्हते. हैदराबादला फौजेत हबशी स्वार चाचांनी डोळ्यांनी बघितलेले; गावाला वाटलं आपल्यातल्याच कुणाच्या घरात चोर शिरला.

"मंग?" पाटलांनी विचारलं.

"मंग क्या! जिनिव्हा करके गाव है, वहां सब मुल्कां की पंचायत बैठी. बोले, इटली कू कोई कर्जा नक्को देना, हथियार नक्को देना, उसका माल नक्को लेना."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "तिकडं एवढे मोठे मुलूख बसतेत, मंग आपल्याला काय झालंय? आबाला बी बंद!"

गाव एकदम उत्साहात आलं. एक जण म्हणाला विस्तव बंद. दुसरा म्हणाला विरजण बंद. तंबाखूची चिमूट बंद. न्हावी म्हणाला दाढी बंद, आणि स्वतःच्याच धाडसानं घाबरून खाली बसला. मी देवळाच्या भिंतीआड बायकांत उभी होते आणि आनंदानं माझ्या अंगावर काटा आला होता. जिनिव्हाच्या जोडीला आमचं गाव!

तेवढ्यात भिंतीआडून गिरजाकाकूनं विचारलं, "आन सावड?"

सावड म्हणजे आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. काळ्या रानाला मोठा नांगर लावायचा तर चार जोड्या लागतात, आणि चार जोड्या कुणाच्याच घरी नव्हत्या, आबांच्याही नाही. आबांच्या सावडीत तीन घरं होती. त्यातलं एक आमचं.

दादा खाकरले. "सावडीचं पेरणी झाल्यावर बघू," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी गेले.

मला त्या माना तेव्हा दिसल्या नाहीत. मी घरी जाऊन माझी यादी करत होते.

आमची चूल गावात सगळ्यात आधी पेटायची. रोज पहाटे कौसी खापर घेऊन विस्तव न्यायला यायची, आणि विस्तव नेता नेता आम्ही एवढं बोलायचो की निम्मा विझायचा. दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात बसले, पाय पसरून, म्हणजे वाटच राहू नये.

"विस्तव बंद हाय," मी म्हटलं.

"का?"

"तुझ्या बापानं धाव खाल्ली."

कौसीनं खापराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आन आपली फुगडी?"

"ती बी बंद. बोलणं बी बंद. आजपासून."

"तू तर आत्ता बोलून राह्यली."

"हे शेवटलं," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. किती रुबाबात फिरवलं म्हणता! मान अवघडली.

गावाची बंदी पंधरा दिवसांत हसण्यावारी गेली. आबांनी जालन्याहून काड्यापेट्या आणल्या. दाढी अंबडच्या बाजारात करून येऊ लागले, आणि आमच्या न्हाव्यापेक्षा ती जास्त गुळगुळीत दिसायची. आबांच्या बायकोनं कोमट दुधात लिंबू पिळून विरजण लावलं. आबा पारावरून जाताना मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "आपल्याला कुणाची गरज पडत न्हाई." लोक म्हणू लागले, असल्या बंदीनं काय होतंय. माझ्या सुनेचंच वाक्य.

माझी बंदी मात्र पोलादी होती. कौसी समोरून आली की मी आभाळ बघायचे. फुगडीच्या खेळात तिच्या बाजूची जागा मी मोकळी सोडली, आणि बाकीच्या पोरींनाही सोडायला लावली. ती एकटी तुळशीपाशी बसून खेळ बघायची. आबांच्या मिशीचा एक केस वाकडा झाला नव्हता, आणि इकडे दहा वर्षांची पोर महिनाभर कुणाशी टाळी देऊन खेळली नव्हती. मला वाटायचं, काय जबर चाललीय आपली लढाई.

मग मार्गशीर्षात बोरं पिकली.

गावात सगळ्यात गोड बोर आबांच्या बांधावर. एके दिवशी बघते तर आमच्या दाराबाहेरच्या देवळीत मूठभर बोरं. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती. कौसी नेहमी देठासकट तोडायची. मी पुष्कळ विचार केला. अकरा वर्षांच्या पोरीच्या विचाराला वेळ तो किती लागतो? बोलायचं नाही असं ठरलंय, खायचं नाही असं कुठं ठरलंय? खाल्ली. बिया लांब फेकल्या, पुरावा नको म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर. शत्रूच्या मुलखातून रोज माल येत होता, मी तो रोज खात होते, आणि रोज तोंडही फिरवत होते.

त्याच सुमारास चाचांनी पारावर पुन्हा अखबार उलगडला. बंद केलेल्या मालाची यादी लांबलचक होती. चाचा बोट सरकवत शेवटाला आले आणि थबकले. "तेल का नाम नहीं लिया," ते म्हणाले.

"करडीचं?" मी भिंतीआडून विचारलं. सगळे हसले.

"अगे बेटी, जमीन का तेल. मोटारां, तोपगाड्यां, जहाजां, सब उसपेच चलते. वो चालू रक्खे."

"का?"

"बेचनेवाले का नुकसान होता ना."

गिरजाकाकूनं दादांच्या दिशेनं बघितलं. दादांनी तंबाखू मळायला घेतली, आणि मळतच राहिले.

पौषात विहिरीचं पाणी उतरू लागलं. रोज वीतभर. मोटेला आता खोल जावं लागायचं, म्हणजे बैलांना तेवढंच लांब जायला हवं. काकू दोर वाढवत गेली. धाव कुठून वाढवणार?

माघात एका सकाळी तिनं गल्लीतल्या बायकांना रानात बोलावलं. विधवेच्या घरी हळदीकुंकू नसतं, ती म्हणाली, "मंग या, मोट बघायला या." मायच्या, माझ्या आईच्या, पदराला धरून मीही गेले. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडल्या होत्या आणि पानांची टोकं पिवळी पडून वळत होती. काकूनं बैल हाकले. चाक कुरकुरलं, दोर ताणला, मोट वर येऊ लागली. बैल बाभळीच्या काट्यांपाशी आले, एकाच्या छातीला काटा लागला, तो थांबला. मोट थारोळ्याच्या खाली हातभर अंतरावर लोंबकळत राहिली. काठोकाठ भरलेली. तिच्यातून पाणी निथळून परत विहिरीत पडत होतं, टप, टप. काकूनं बैल मागे घेतले. पुन्हा हाकले. पुन्हा हातभर खाली. असं सात वेळा. आठव्यांदा बैलांच्या माना सोडवल्या आणि म्हणाली, "बघितलंव? आता घरला जा. या अमुशाला भाऊ गाडी घेऊन येणार हाय."

दुपारी मायनं दादांच्या ताटात भाकरी वाढली आणि उभीच राहिली.

"तो बांध मोडायला नांगराला चार जोड्या होत्या," ती म्हणाली. "तेच्यात आपली हरण्या-मोऱ्याची होती."

दादा ताटातच बघत म्हणाले, "मला काय माहीत! मी सावडीला बैल दिल्ते. कुठं हाकायचे ते त्यानं ठरवलं."

"आता माहीत झालं ना? उद्यापासून आपले बैल आबाच्या खळ्यावर जाणार न्हाईत."

"आन आपल्या खळ्यावर त्याचे येणार न्हाईत, ते? मळणी तोंडावर आलीय, येडे!"

"आपण हातानं बडवू."

"सगळी ज्वारी? हातानं?"

"मंग काय तोंडानं?"

मी खुदकन हसले आणि मार खाल्ला. पण माय त्याच दुपारी विरजणाची वाटी घेऊन सावडीतल्या बाकीच्या दोन घरी गेली. घरात दही होतं. वाटी नुसती हातात असायला हवी होती. प्रत्येक घरी ती बराच वेळ बसली, आणि प्रत्येक घरातून वाटी रिकामीच आणली, पण बैल न पाठवण्याचा शब्द घेऊन.

मग आमची जोडी रानातून कणसं-कडबा ओढण्यात गुंतली, आणि आम्ही बडवली ज्वारी. कणसांचा ढीग, चार बडवणी, आणि घरातली सगळी माणसं. हाताला फोड आले, फुटले, त्यावर कोंडा चिकटला. कोंड्यानं अंगाची अशी खाज सुटली की दादा बैलासारखे खांबाला पाठ घासायचे. बैलांनी चार दिवसांत केलं असतं ते सरता सरेना. मी दुसऱ्याच दिवशी कुरकुरले, "माय, माझ्यावाली बंदी बरी होती. तेच्यात काही दुखत न्हव्हतं."

माय बडवता बडवता म्हणाली, "म्हणूनच तर काही होत न्हव्हतं."

आबांचं खळं आमच्या तिप्पट. त्यांची एकच जोडी गरगर फिरत होती आणि कडब्याच्या पेंढ्या अजून रानात पडून होत्या. सहाव्या दिवशी पूर्वेला ढग दिसले. माघातल्या ढगाला शेतकरी ओळखतो. आमचं धान्य निम्मंअधिक पोत्यात गेलं होतं, त्यांचं सगळं उघड्यावर. दुपारी आबा आमच्या दारात आले. दाढी वाढलेली, अंबडला जायला सवड नव्हती.

दादा उठले, पण माय आधी बोलली. "या भावजी. विस्तव पाहिजे का?"

आबांना ते लागलं. तरी हळूच म्हणाले, "वहिनी, बैल कधी पाठवता?"

"धाव मोकळी झाली की. त्याच घडीला."

"उभं पीक हाय त्या नऊ काकऱ्यांत, काढायचं राह्यलंय. दाणा भरलाय."

"तुमचाच हाय दाणा. आम्ही बाया येऊन उपटून देतो, पेंढ्या तुमच्या खळ्यावर टाकतो. रान तेवढं तिचं तिला द्या."

आबांनी आभाळाकडे बघितलं, मग दादांकडे. दादांनी यावेळी खाली बघितलं नाही. तळहात पुढे केले, फुटलेले फोड दाखवले.

त्या संध्याकाळच्या आत नऊच्या नऊ ओळी उपटून झाल्या. बाभळीच्या काट्या आबांनी स्वतः काढल्या. हरण्या-मोऱ्या आणि उरलेल्या दोन जोड्या तडक त्यांच्या खळ्याला जुंपल्या. पाऊस आला तेव्हा त्यांची ज्वारीही झाकलेली होती. आणि पाऊस तरी किती? गव्हाची तहान भागेल एवढाही नाही. सकाळी काकूनं मोट धरली. बैल काट्यांच्या जुन्या जागेपाशी सवयीनं थांबले. काकूनं त्यांच्या पाठीवर थाप मारली, ते चार पावलं पुढे गेले, आणि वर थारोळ्यात पाणी भस्सकन कोसळलं. आम्ही सगळ्या लहान पोरींसारख्या ओरडलो. अमावास्येला भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा काकूनं त्याला भाकरीची थाळी दिली आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवला.

वैशाखात चाचांनी वाचलं, हबशाची राजधानी पडली. पुढे पावसाळ्यात वाचलं, इटलीवरची बंदी उठली. गिरजाकाकूनं एवढंच विचारलं, "तेल केलं का मधी कधी बंद?" चाचांनी अखबाराची घडी घातली. "नहीं, बाई." ती "हां" म्हणाली आणि गेली.

आता रेडिओ सांगतो, यावेळी तेलच बंद केलंय. म्हणजे मोठ्या देशांना गिरजाकाकूचा प्रश्न ऐकू यायला पंचावन्न वर्षं लागली. मोठ्यांना वेळ लागतोच. सूनबाईला मी ठासून सांगितलं, बंदी चालते. मी ती चालताना पाहिली आहे. ती घालणाऱ्याच्या हाताला फोड येतात का, तेवढं फक्त बघायचं. आणि आणखी एक बघायचं, की तिकडे तुळशीपाशी कोण एकटं बसलंय. त्या बातम्यांत इराकच्या कुणा आबाचं नाव रोज असतं. कौसीचं एकदाही ऐकलं नाही.

मोट पोचली त्या सकाळी कौसी पलीकडे बांधावर उभी होती. माझ्या ओच्यात तिनंच देवळीत ठेवलेली बोरं होती, शेवटची, सुरकुतलेली. मी जवळ गेले आणि म्हटलं, "आता बोलते मी."

"बोल की," ती म्हणाली. "खाताना बराबर खाल्लीस."

मी ओच्यातलं एक बोर तोंडात टाकलं. ती भोकरदनला नांदली, आता आजी झाली, दर पौषात एसटीनं बोरांची पिशवी पाठवते, आणि मी नातवंडांना त्यातलं एकही आधी देत नाही.

दुसऱ्या पहाटे मात्र मी उंबऱ्यात बसले नाही. खापरात विस्तव घेतला आणि फुंकर घालत तिच्या घरी गेले. त्यांची चूल पेटलेली होती, काडीनं, चार महिन्यांच्या सवयीनं. वर चहाचं आधणही उकळत होतं. मी दारात खापर घेऊन उभी, आणि हाताला चटके बसत होते. कौसीनं एकदा चुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खापर घेतलं आणि माझा विस्तव त्या पेटलेल्या चुलीत नीट मागच्या बाजूला सारून ठेवला.